बहिणीच्या ओट्यावर पळसाचा रंग

धार जिल्ह्यात जाणारा मराठी माणूस मांडवगडला जातो. मी गेलो नाही. महाल, तळी, खुरासानी चिंचा यांचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून घ्यावं. मी गेलो होतो एक जुना लेथ बघायला.

मी जुन्या यंत्रांचा व्यापारी आहे. बंद पडलेल्या वर्कशॉपमधले लेथ, शेपर, ड्रिल उचलायचे, नाशिकला आणून दुरुस्त करायचे आणि विकायचे. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या शेडमध्ये लोखंडाचा कीस झाडत होतो, आज शेड माझं आहे. हात कुणी दिला नाही, आणि ही गोष्ट मी लोकांना जरा जास्तच ऐकवतो, असं माझी बायको मंगल म्हणायची.

मंगल गेल्या भाद्रपदात गेली. मुलगा बंगळुरात. दारातल्या तिच्या कुंड्यांना मी पाणी घातलं नाही. आळस नव्हता, राग होता. कुणावर, ते सांगता येत नाही. पौषापर्यंत सगळी झाडं वाळली, मोगरासुद्धा, आणि मी ती येता-जाता बघत राहिलो. आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षभर सण नसतो. सण नसलेल्या घरात सणाच्या दिवशी एकट्यानं बसण्यापेक्षा कुठंतरी भाव करत उभं राहिलेलं बरं, म्हणून होळीच्या आदल्या दिवशी गाडी काढली. कुणाला सांगितलं नाही.

त्याच रस्त्यानं पुढे देवास लागतं. तिथं माझी थोरली बहीण राहते. तिच्याकडे जायचं नाही हे निघतानाच ठरलेलं होतं.

कारण सांगतो. सव्वा वर्षापूर्वी आमचे दाजी, म्हणजे तिचे यजमान, वारले. तीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी ते देवासला गेले आणि तिथलेच झाले. फोन पहाटे आला. मी तसाच निघालो, पण सेंधव्याच्या अलीकडे घाटात ट्रक आडवा झालेला, तीन तास अडकलो. पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परत येऊन अंगणात पाय धूत होते. सख्ख्या मेहुण्यासाठी थांबले नाहीत! घाट लागतो, उशीर होतो, कळत नाही का, म्हणत मी तिथंच, सगळ्यांसमोर, तोंड सोडलं. ताई आत भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

पुढे तीन महिन्यांनी, होळीच्या आधी, भाच्याचा फोन. पराग तिकडच्या शाळेत शिकलेला, त्याचं मराठी निम्मं हिंदी. ‘‘मामा, होली पे आपको आना ही है. आई म्हणते, रंग घेऊन या.’’

बाप जाऊन तीन महिने, आणि यांना रंग खेळायचेत! ‘‘लाज आहे का रे तुम्हाला?’’ म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर मंगल गेली तेव्हा ताई आली. बारा दिवस माझ्या स्वयंपाकघरात राबली. मी तिच्याशी ‘जेवलीस का’ याच्या पुढे बोललो नाही.

मनावर

खलघाटला नर्मदा ओलांडली की आपण दुसऱ्या मुलखात आलो हे सकाळच्या पोह्यांवरून कळतं. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं, इथं मूठभर शेव आणि बडीशेपेचा वास, शेजारी जिलबी. तिखट-गोड एकाच घासात. मला ते पटत नाही, पण दोन प्लेटी खाल्ल्या.

मनावर गावातला लेथवाला कैलास माझ्याच वयाचा. मुलं कापसाच्या व्यापारात गेली, त्यामुळे वर्कशॉप बंद करायचं होतं. लेथ उत्तम होता. मी खाली बसलो, हात फिरवला, तोंड वाकडं केलं.

‘‘भिया, इसका बेड तो घिस गया है.’’

बेड, म्हणजे लेथची लांब बैठक, झिजलेला नव्हता.

‘‘घिसा तो मैं भी हूँ,’’ कैलास म्हणाला, ‘‘पर चल रहा हूँ ना?’’

तासभर असं चाललं. मध्ये चहा झाला. त्यानं तीन वेळा घड्याळाकडे पाहिलं, ते मी टिपलं. बाकावर नव्या साडीची पिशवी आणि गुलालाचं पाकीट होतं, तेही टिपलं. घाईतला माणूस म्हणजे निम्मा झालेला सौदा. मी मुद्दाम दुसरा चहा मागवला आणि पाय पसरून बसलो.

‘‘ले जाओ, भाईसाब,’’ शेवटी तो उठलाच. ‘‘तुम जीते. मेरेको कुक्षी निकलना है. बहन के यहाँ अनरय है.’’

‘‘क्या है?’’

त्यानं साडीची नीट घडी करत सांगितलं. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात पहिल्या होळीला नातलग रंग घेऊन जातात. घरातल्यांना पाटावर बसवून कपाळाला रंग लावतात. तो लागला की शोक उतरला. मग त्या घरात पुन्हा कढई चढते, सण सुरू होतात. त्याचे मेहुणे कार्तिकात गेले होते. बहिणीकडे भावानं जायचंच असतं, नवी साडी घेऊन. त्याच्या आधी ती दुसऱ्या कुणाच्या हातून रंग लावून घेत नाही.

‘‘और भाई नहीं गया तो?’’ मी विचारलं.

तो हसला. ‘‘ऐसा कौन भाई होगा, भिया?’’

माझा हात लेथवर होता. लोखंड सकाळी गार असतं. तो किती वेळ तिथं ठेवला होता कोण जाणे. कैलासनं दोनदा विचारलं, तबियत ठीक आहे ना.

इथं मी त्याला भाव वाढवून दिला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. ठरलेल्या भावालाच हात मिळवला. कैलास मोटारसायकलवर पिशवी अडकवून गेला आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. परत नाशिक की पुढे देवास, एवढंच ठरवायचं होतं. खिशातला फोन काढला, ताईचं नाव काढलं आणि पुन्हा ठेवला. काय बोलणार? मी बोलायला लागलो की भांडतो.

गंधवानीचा रस्ता

देवासचा सरळ हमरस्ता सोडून गंधवानीवरून धारकडे निघालो. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भगोरिया बाजारांचा तो शेवटचा दिवस. जीपच्या टपावर मांदल वाजवणारे, मागे एकाच रंगाच्या ओढण्या घेतलेल्या मुलींचे घोळके. एका वळणावर पुढं जाणारी जीप थांबली म्हणून मीही थांबलो, आणि डावीकडे बघितलं.

टेकडी पेटल्यासारखी दिसत होती. पळस आपल्याकडेही आहे, मी काही तो पहिल्यांदा बघत नव्हतो. पण आपण बघतो ते एखादं झाड, गाडीच्या काचेतून. इथं सगळा उतार त्याचाच. पानं एकही नाही. काळ्या, वेड्यावाकड्या, जळल्यासारख्या फांद्या आणि त्यांच्या टोकाटोकाला केशरी. अशी फांदी माझ्या दारातल्या कुंडीत असती, तर मी ती वाळली म्हणून सोडून दिली असती.

खाली एका मोहाच्या झाडाखाली एक बाई टोपलीत फुलं वेचत होती. मोह नुकताच गळायला लागला होता, हवेत गुळाच्या कढईसारखा वास. मी खाली उतरलो. दाजी एकदा म्हणाले होते, इकडे पळसाच्या फुलांचा रंग करतात. ते आठवलं, आणि दुसरं काय करायचं तेही कळत नव्हतं.

‘‘बाई, फूल कैसे दिए?’’

तिनं टोपली मागे घेतली. ‘‘महुआ नी बेचना.’’

‘‘ये नहीं. वो,’’ मी पळसाकडे बोट केलं.

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पलीकडच्या झाडाखालच्या दुसरीला ओरडून म्हणाली, ‘‘अरे देख, यो खाकरा मोल ले रियो!’’ खाकरा म्हणजे पळस. दोघी अशा हसल्या की झाडावरचे पोपट उडाले.

‘‘नीचे पड़ा है, उठा ले,’’ ती म्हणाली. ‘‘डाल मत तोड़ना.’’

‘‘पोतंभर पाहिजे. तू उठा के देगी तो बोल, क्या लेगी?’’

‘‘मेरेको महुआ बीनना है. तेरे हाथ नी है?’’

चाळीस वर्षं भाव करतोय, पण फुकट गोष्टीचा भाव कसा करायचा ते मला येत नाही. गाडीतून पोतं आणलं आणि वाकलो.

तासभर वेचत होतो. गुडघे बोलायला लागले. जमिनीवर पडलेलं फूल हातात घेतलं की मखमलीसारखं लागतं. वर झाडावर चिमण्यांएवढे पक्षी आणि मधमाश्या यांची नुसती झुंबड. मंगल आजारी पडल्यापासून माझ्या कानात सतत एक घरघर असायची, यंत्र बंद केल्यावरही राहते तशी. ती थांबलीय हे पोतं अर्धं भरल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तसाच खाली बसलो. रडलो वगैरे नाही. पण तिथं बसून मला पहिल्यांदा नीट वाटलं की मंगल असती तर मला उठवून म्हणाली असती, आता बहिणीकडे जा.

ती तर गेल्या होळीलाही हेच म्हणाली होती. ‘‘ते लोक उगाच बोलावणार नाहीत. काय ते विचारा तरी.’’ मी विचारलं नव्हतं.

‘‘डोकरा,’’ मोहवाली जवळ येऊन म्हणाली, ‘‘सफेद कमीज में दाग लग गियो.’’ आणि मूठभर मोह माझ्या हातावर ठेवून गेली. कच्चाच खाल्ला. गोड, आणि मागून जरा उग्र.

धार

धारला लॉजच्या आचाऱ्यानं फुलं बघितली आणि न सांगता मोठं पातेलं चढवलं. फुलं उकळली की पाणी आधी नुसतं पिवळसर होतं. त्यात चिमूटभर चुना पडला की ते एकदम गडद केशरी होतं, डोळ्यांसमोर. आचारी जादूगारासारखा माझ्याकडे बघत होता. ‘‘किसके लिए, साब?’’

‘‘बहन के लिए. अनरय का.’’

‘‘अच्छा, इसी साल गमी हुई?’’

‘‘नहीं. पिछले साल.’’

पळी ढवळता ढवळता थांबली. त्यानं रंग गाळून पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून दिला.

जेवायला दाल-पानिये होते. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात. आमच्या खानदेशी बट्टीचाच हा जंगलातला चुलतभाऊ. पानाची शीर पिठावर उमटलेली असते आणि धूर आतपर्यंत जातो. तूप सढळ. त्यानंतर बाजारात एक साडी घेतली, फिकट हिरवी, बारीक काठाची. तिचाही भाव केलाच. दुकानदार म्हणाला, बहिणीसाठी घेताय आणि एवढं ताणता? मी त्याच्यावर चिडलो. चिडण्यासारखं तो काही बोलला नव्हता.

देवास

धुळवडीच्या दिवशी या भागात गाडी चालवणं म्हणजे अंगावर रंग मागून घेणं. मी काच बंद ठेवली, पण रंग आतूनच आला. कॅनचं झाकण ढिलं होतं. मागची सीट आणि पायपुसणं केशरी झालं, कॅन अर्धा उरला. आचाऱ्याला शिव्या दिल्या, मग आठवलं, झाकण मीच लावलं होतं.

देवासची टेकडी दिसायला लागली तसा मनात बोलणं जुळवत गेलो. ताई, मला कळलं नव्हतं. ताई, आमच्याकडे ही रीत नाही. प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात तीच उत्तर द्यायची आणि माझं वाक्य पडायचं.

गल्ली रंगानं चिखल झालेली. ताईच्या दारासमोरचा तुकडा तेवढा स्वच्छ, झाडलेला. आणि दाराला कुलूप.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, नखशिखांत गुलाबी. मी कोण ते सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

‘‘अरे भगवान! वा तो नासिक गई हे. भई ने रंग लगावा.’’

भावाला रंग लावायला? मी म्हणालो, भाऊ तर मी.

‘‘तो तम याँ कई कर रिया हो?’’

मला लगेच कळलं नाही. म्हणजे कळलं, पण पायऱ्या-पायऱ्यांनी. मंगलला जाऊन सहा महिने झाले. म्हणजे ही माझी पहिली होळी. ताई रात्रीच्या गाडीनं, परागला घेऊन, माझा शोक उतरवायला गेली होती. आणि मी घराला कुलूप घालून कुणाला न सांगता तिच्या दारात उभा होतो.

फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

‘‘कुठं आहेस?’’ तिनं विचारलं. ‘‘सकाळपासून तुझ्या पायरीवर बसलेय. शेजारी म्हणतात, तू परवाच गेलास.’’

एवढा रस्ता जुळवत आणलेलं सगळं बोलणं गेलं आणि तोंडातून निघालं ते असं: ‘‘न सांगता कशाला गेलीस? फोन करता येत नाही का? या वयात रात्रीचा प्रवास, अक्कल आहे का काही?’’

मागून नाशिकच्या आमच्या गल्लीतल्या पोरांचा आवाज येत होता.

‘‘फोन केला असता तर नको म्हणाला असतास,’’ ती म्हणाली. ‘‘तू कुठं आहेस ते सांग.’’

‘‘तुझ्या ओट्यावर.’’

तिनं परागला हाक मारून पिशव्या उचलायला सांगितल्या. मग म्हणाली, ‘‘बस तिथंच. कुठं जाऊ नकोस. मी येते.’’

मी बसलो. म्हातारीनं, तिचं नाव सौरमबाई, मला जेवायला वाढलं आणि जेवताना सांगितलं, ते मी विचारलं नव्हतं. गेल्या होळीला ताईनं न्हाऊन पाट मांडला होता. सकाळपासून चारपर्यंत ती याच ओट्यावर बसली होती, मी आज बसलोय त्याच कोपऱ्यात, म्हणजे वळणावरची गाडी दिसते. सौरमबाईचा भाऊ म्हणाला, जिज्जी, मी लावतो. ताई म्हणाली, माझा भाऊ येतोय, घाट लागतो ना, उशीर होतो.

घाट लागतो, उशीर होतो. जे मी तिच्या अंगणात ओरडून सांगितलं होतं, तेच तिनं माझ्या बाजूनं लोकांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा वळली. ताई उतरली, पराग पिशव्या घेऊन मागे. ती मला पहिल्यापेक्षा बुटकी वाटली. कुलूप काढता काढता म्हणाली, ‘‘चहा झाला?’’

‘‘ताई, मला कळलं नव्हतं. आपल्याकडे ही रीत नाही.’’

‘‘कळलं नव्हतं, की विचारलं नव्हतंस?’’

मी साडी आणि कॅन पुढे केले. ‘‘आता लावतो. पाट मांड.’’

‘‘मामा, ते एकदाच असतं,’’ पराग हळूच म्हणाला.

‘‘वर्ष झाल्यावर परागनं लावला मला,’’ ताई म्हणाली. ‘‘मुलाच्या हातचाही चालतो. घर थांबवून किती दिवस ठेवायचं?’’ साडीवरून तिनं हात फिरवला. ‘‘छान आहे. नेसेन. पण ही ती साडी नाही रे.’’

‘‘मग मी काय करू?’’ माझा आवाज पुन्हा चढला होता. पराग दचकून दोन पावलं मागे सरला, ते मी पाहिलं.

‘‘काही करू नकोस. बस.’’

तिनं पाट मांडला. मी बसलो. तिनं कॅनमधला रंग वाटीत घेतला, वास घेतला. ‘‘पळसाचा? कुणी केला?’’

‘‘फुलं मी वेचली.’’

‘‘तू?’’ आणि ती हसली, दाजी गेल्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा. मग डोक्यावर पदर घेऊन तिनं माझ्या कपाळाला, दोन्ही गालांना तो रंग लावला. जे मी तिला द्यायला आणलं होतं ते मलाच लागलं. डोळे मिटून घेतले. तिची बोटं खरखरीत होती.

‘‘मंगलला हा रंग आवडला असता,’’ ती म्हणाली, आणि उठून कढई चढवली.

नाशिक

लेथ आला. बेड झिजलेला नाही, हे मी आता गिऱ्हाइकांना सांगतो. कैलासला कधी सांगेन माहीत नाही.

घरी पोचलो तेव्हा दारावर गुलालाचा पंजा होता, माझ्या छातीच्या उंचीवर. माणूस नाही भेटला म्हणून ताईनं दारालाच लावला होता. पायरीखालच्या कुंड्यांची माती ओली होती. नुसतं बसून काय करायचं म्हणून तिनं त्या दिवशी पाणी घातलं असणार. मोगऱ्याला अजून काही फुटलेलं नाही. मी रोज पाणी घालतो.

दार रंगवणारा परवा येऊन गेला. पंजा पुसायचा का, विचारत होता. मी त्याच्यावर ओरडलो, आणि मग त्याला चहा दिला.